हापशाचं चामडं आणि सासऱ्यांची गाडी

"बाबूसाहेब! ओ बाबूसाहेब! बाहेर या आधी! तुमची म्हैस पुन्हा मुतली बगा!"

तोंडात राखुंडी, खांद्यावर पंचा अशा अवतारात मी ओट्यावर आलो, तेव्हा निम्मी गल्ली दारात जमली होती आणि उरलेली निम्मी खिडक्यांतून बघत होती. आमच्या घरमालकीण अक्का कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास, वजन कडब्याच्या दोन पेंड्यांएवढं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि आवाज असा की त्यांनी लातुरात हाक मारली तर रेणापूरचे बैल जागच्या जागी थांबायचे. त्यांच्या पायाशी त्यांनी पहाटे काढलेली रांगोळी होती. रांगोळीच्या मधोमध, जिथं कमळाच्या आठ पाकळ्या एकत्र येतात तिथं, काळ्या तेलाचं चकचकीत तळं साचलं होतं. तळ्यात एक मुंगळा पोहत होता. पोहत कसला, शेवटचे हातपाय मारत होता.

म्हैस म्हणजे माझी मोटार.

"पुसून देतो, अक्का."

"पुसता कशानं? पाणी हाय का पुसायला? सड्याला पाणी न्हाई म्हणून चार महिने झाले कोरड्या मातीवर रांगोळी काढायलेय मी. श्वास धरून काढायलेय, उडून जाऊ नये म्हणून. आन् ही तुमची काळी बया रोज सकाळी तिच्यावर बसायलीय!"

"गाडी तर तिकडं भिंतीशी उभी आहे. गल्लीचा उतारच तुमच्या दाराकडं आहे, त्याला मी काय करू?"

"अय्यो शिवा! आता गल्ली वाकडी म्हणायलेत! ऐका बाबूसाहेब. येत्या रविवारपर्यंत मुदत. गळणं थांबलं न्हाई तर या दारातून एक तर गाडी जाईल, न्हाई तर तुम्ही. दोघं गेलाव तरी माझी हरकत न्हाई. सूनबाईला मात्र ठिवून घेते, तिचा काही गुन्हा न्हाई."

सूनबाई म्हणजे माझी बायको. ती आत चुलीपाशी हसली. मला स्पष्ट ऐकू आलं.

ही धमकी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. रोज सकाळच्या एसटीनं ट्रंका, गाद्या आणि बदलीचे हुकूम घेऊन माणसं उतरत होती. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून तयार होत्या, कचेऱ्या मात्र कुठं आहेत ते पाट्यांनाही माहीत नव्हतं. एक खातं तर दोन महिने कडुलिंबाखाली चाललं. वारा सुटला की फायली पळायच्या आणि शिपाई त्यांच्यामागं. अशा गावात भाड्याची खोली मिळणं हे लग्नाला मुलगी मिळण्यापेक्षा अवघड होतं. मी दोन्ही मिळवलंय, म्हणून अधिकारानं सांगतो.

आणि गंमत बघा, मुलगी मिळाली म्हणूनच ही गाडी मिळाली.

माझे सासरे नांदेडला वकील. त्यांच्या अंगणात ही गाडी कित्येक वर्षं उभी होती आणि तिच्याखालची फरशी इतकी काळी झाली होती की सासूबाई तिथं उन्हाळ्यात पापडही वाळवत नसत. माझी लातूरला बदली झाल्याचं कळताच सासऱ्यांचं मन भरून आलं. "जावईबापू," ते म्हणाले, "नव्या जिल्ह्यात चाललात. तिथं पायी फिरणं शोभत नाही. गाडी घेऊन जा."

मी खाली वाकून बघितलं. "मामा, ही गळते की काय?"

"छे! गळत नाही. घाम येतो तिला. काम करणाऱ्याला घाम यायचाच. माहूरचा गड चढलीय ही एका दमात!"

एका दमात चढली हे खरं होतं. तो दम मेव्हण्यांचा होता, हे बायकोनं मला फार पुढं सांगितलं. अर्धापूरला घेतलेले केळीचे दोन घड मागच्या सीटवर बसवून अख्खं घरदार खाली उतरलं होतं आणि ढकलत होतं. देवीच्या दर्शनाला पहिली पोचली ती केळी.

तर नांदेडहून निघालो. लोह्याला पहिल्यांदा बॉनेट उघडलं, अहमदपूरला दुसऱ्यांदा. चाकूरला उघडायची गरजच उरली नाही, काचेवर उडालेल्या शिंतोड्यांवरून आतली हकिकत कळत होती. मागं वळून पाहिलं तर रस्त्यावर काळी रेघ, नांदेडपासून अखंड. पुढं एक ट्रकवाला मला भेटला, तो देवाशपथ सांगायचा की त्या उन्हाळ्यात तो मैलाचे दगड बघायचंच सोडून ती रेघ धरून लातूरला यायचा. नव्या जिल्ह्याचे रस्ते काळे करायला सरकारला पुढं किती वर्षं लागली कोण जाणे, मी माझ्या वाट्याचा रस्ता एका दुपारी उरकला.

गळती कशी थांबवावी हे सांगायला लातुरात शिक्षण लागत नाही. कचेरीतला शिपाई म्हणाला, धुण्याचा साबण मळून लावा. लावला. इंजिन तापलं की फेस यायला लागला. तीन दिवस गाडी तोंडाला फेस आणून गावभर फिरली आणि लोक पिसाळली म्हणून बाजूला व्हायचे. कासार म्हणाला, बांगड्यांची लाख वितळवून ओता. ओतली. ती जिथं बसायला हवी तिथं न बसता पंख्याच्या पट्ट्यावर जाऊन बसली. सासऱ्यांचं पत्र आलं: घट्ट तेल वापरा. वापरलं. सकाळी इंजिन पिठल्यात अडकल्यासारखं घरघरायचं, आणि तेच तेल खाली गळताना मात्र गंगेसारखं पातळ होऊन गळायचं. हे कसं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

शेवटी बायकोनं एक जुनं तसराळं दिलं. ते रात्रभर गाडीखाली ठेवायचं, सकाळी त्यात साचलेलं तेल जुन्या धोतरातून गाळायचं आणि वरून पुन्हा इंजिनात ओतायचं. मी कचेरीत जायच्या आधी रोज हा अभिषेक करायचो. तरीही तसराळ्याला चुकवून एक धार अक्कांच्या दाराकडं जायचीच. एवढ्या मोठ्या गल्लीत तिला दुसरं दार दिसत नव्हतं.

आता मिस्तरीबद्दल सांगायला हवं. मी ज्या कचेरीत होतो तिथं माझं टेबल टंचाईचं. कुठल्या गावचा हापसा बंद पडला ते रजिस्टरात लिहायचं, आणि चालू झाला की त्यापुढं 'दुरुस्त' लिहायचं. दुष्काळ असा होता की पहिला रकाना भरायला मला शाईची बाटली पुरत नव्हती आणि दुसऱ्या रकान्यासाठी निब ओलं करायचीही वेळ येत नव्हती. हे हापसे दुरुस्त करणाऱ्या पथकातला सगळ्यात हुशार माणूस म्हणजे हा मिस्तरी. आठवडाभर सरकारी जीपमधून हापसे उघडत फिरायचा आणि मोकळा वेळ मिळाला की लोकांच्या मोटारी उघडायचा. त्याच्या मते दोन्ही कामं एकच होती.

"इंजन म्हंजे हापसाच हाय, साब," तो म्हणायचा. "तिथं पाणी वर आणायचं, हितं तेल खाली जाऊ द्यायचं न्हाई. बाकी फरक काय?"

त्यानं आधी वरच्या झाकणाचं बुचाचं पॅकिंग बदललं. ते काढताना बिस्किटासारखं हातात मोडलं. मग खालच्या, तेल साठतं त्या चेंबरचं बदललं. गळती तशीच. मग त्यानं पुढची पुली काढली आणि मला बोलावलं. पुलीच्या मागं, जिथून इंजिनाचा फिरणारा दांडा बाहेर येतो, तिथं फेल्टची एक कडी असते. दांड्याला घट्ट मिठी मारून तेल आत अडवायचं, एवढंच तिचं आयुष्यातलं काम. मिस्तरीनं ती बोटाच्या टोकावर घेतली तेव्हा मला वाटलं, मेलेला सुरवंट आहे.

"हे तुमचं सील."

"नवीन कुठं मिळेल?"

"हितं न्हाई. नांदेडात न्हाई. हैदराबादला मिळंल. पण तिथला दुकानदार आधी गाडीचं वय विचारंल, मंग चहा पाजंल, मंग सगळ्यांना बोलावून तुम्हाला दाखवंल."

त्यानं सुरवंट पुन्हा जागेवर बसवला आणि हात पुसले.

रविवारची मुदत जवळ येत होती. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतला हापसाही कुरकुरायला लागला. आधी दहा वेळा दांडा मारला की पाणी यायचं, आता चाळीस वेळा मारावा लागत होता. तक्रार अर्थातच अक्कांनी केली, आणि रजिस्टराच्या मालकाकडं, म्हणजे माझ्याकडंच केली. कारण साधं होतं. हापशाच्या पोटात खोल खाली चामड्याचं एक वायसर असतं, वाटीसारखं. ते नळीला घट्ट घासत वर येतं म्हणून त्याच्यावरचं पाणी वर येतं. ते झिजलं की दांडा नुसता हवा मारतो. मी आमच्या गल्लीची तक्रार सगळ्यांच्या वर सरकवली. सरकवली म्हणजे, तिसऱ्या पानावरून पहिल्या पानावर आणली. यापेक्षा जास्त लबाडी मी नोकरीत कधी केली नाही, निदान त्या आठवड्यापर्यंत तरी. भांडारात एकच वायसर शिल्लक होतं. बाकी माल जुन्या जिल्ह्याच्या गोदामात पडून होता, कारण जिल्ह्याची वाटणी झाली तरी वायसरांची वाटणी अजून झाली नव्हती; कागद फिरत होते. ते एकुलतं वायसर मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं.

रविवारी सकाळी मिस्तरी हापसा उघडायला आला. अक्का आत पूजेला बसल्या होत्या. बायको टँकरच्या रांगेत घागर लावून उभी होती. मी वायसर त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलटंसुलटं केलं, बोट आतून फिरवलं, आणि मग त्याची नजर हळूच माझ्या गाडीकडं गेली.

माझीही गेली.

"साब," तो म्हणाला, "याचं मधलं भोक बगा. तुमच्या दांड्याच्या मापाचं हाय."

"मिस्तरी, हे हापशाचं आहे."

"हापसा चालायलाय की अजून. चाळीस डाव मारला की येतंय पाणी. अजून दोन म्हैने कुठं जात न्हाई त्यो. तवर तुमचा जुन्या जिल्ह्याचा माल यील. पण अक्काची मुदत आज संपायलीय."

मी त्याला थांबवायला हवं होतं. मी काय म्हणालो ते आजही मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "बसेल का पण नीट?"

तो गाडीखाली घुसला तो तासाभरानं बाहेर आला. हापशाजवळ तो गेलाच नाही. सोमवारी मी कचेरीत रजिस्टर उघडलं आणि आमच्या गल्लीच्या हापशापुढं माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'दुरुस्त.'

आणि काय सांगू! गाडी कोरडी. कोरडीठाक. मी दर सकाळी वाकून बघायचो, तसराळ्यात एक थेंब नाही. अक्कांची रांगोळी सकाळी काढलेली संध्याकाळी तशीच. गल्लीतली माणसं माझ्याशी नीट बोलायला लागली. चेंबरमधलं तेल इतकं साफ राहिलं की त्यात तोंड बघून भांग पाडावा असं वाटायचं. सासऱ्यांना मी पत्र लिहिलं, की तुमच्या गाडीचा घाम पुसला. आठ दिवस मी लातुरातला सगळ्यात सुखी कारकून होतो.

नवव्या दिवशी हापसा बंद पडला.

चाळीस नाही, चारशे वेळा दांडा मारला तरी पाणी नाही. आतून नुसता कुत्रं खोकल्यासारखा आवाज. गल्लीतल्या बाया दोन शिव्या सरकारला देऊन टँकरच्या रांगेला लागल्या. अक्का मात्र लागल्या नाहीत.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. "अक्कांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही."

"का?"

"लिंगपूजा झाली नाही. पूजेआधी त्या तोंडात काही घालत नाहीत. आणि पूजेला स्वतःच्या हातानं उपसलेलं ताजं पाणीच लागतं."

"टँकर आला होता ना?"

"त्या पाण्यावर तेल तरंगतं म्हणाल्या. लिंगावर तेलाचं पाणी घालणार नाही म्हणाल्या."

खोटं नव्हतं ते. त्या दुष्काळात ज्याला चाकं होती आणि पोट होतं ते सगळं टँकर झालं होतं. आमच्या गल्लीत येणारा आधी घासलेट वाहायचा. घागर भरली की पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग फिरायचे. बाकी सगळे डोळे मिटून प्यायचे.

मी अक्कांकडं गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ कोरडे, पण आवाज शाबूत.

"अक्का, मी गंजगोलाई चौकाच्या पलीकडच्या हापशावर तुम्हाला नेतो. गाडीत बसा, पाच मिनिटांत पोचू."

"त्या म्हशीत? मी?"

"मग मी पाणी आणून देतो."

"तुमच्या हातचं पाणी चहाला चालंल, पूजेला न्हाई. माझा नेम माझ्या हाताचा हाय. चालत जाईन म्हणलं तर गुडघे न्हाईत. जाऊ द्या. तुमचं सरकार हापसा कवा नीट करतंय?"

"एवढ्यातच दुरुस्त केला होता..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"व्हय," अक्का म्हणाल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या. "मलाबी तसंच वाटलंतं."

मला दरदरून घाम फुटला. सासऱ्यांच्या गाडीसारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत गेलो तो आधी भांडारात. "एक वायसर," मी म्हणालो.

भांडारपालानं वर न बघता सांगितलं, "माल आला न्हाई. मागच्या पंधरवड्यात एक दिलं होतं तुम्हाला. तुमच्याच गल्लीला. 'दुरुस्त' लिहिलंय की तुम्ही, तुमच्याच अक्षरात."

माझं अक्षर चांगलं असल्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. नवी तक्रार लिहावी तर साहेब विचारणार, आठ दिवसांत हापसा कसा बिघडला? जुनी खोडावी तर रजिस्टरात खाडाखोड. मी खुर्चीत बसलो आणि डोळ्यासमोर अक्का. दुसरा दिवस. बाहेर ऊन असं की कचेरीच्या खिडकीचे गज धरले तर हाताला चटका बसायचा, आणि सत्तर वर्षांची बाई पाण्याविना भिंतीला टेकून बसलेली. तिला काही झालं तर गल्ली मला काय म्हणेल ते सोडा, मी मला काय म्हणणार होतो?

अर्धी रजा टाकली आणि मिस्तरीला शोधायला निघालो. तो बाजारच्या मागं एका हापशावर चढून बसला होता.

"मिस्तरी, उतरा. ते काढायचंय."

"काय काढायचंय?"

"गाडीतलं चामडं! हापसा बंद पडला!"

"बंद पडला? इतक्या लौकर?" त्यानं मान हलवली, जणू चूक हापशाची होती. "ताकद कमी व्हती त्याच्यात. मला वाटलंतं दोन म्हैने काढंल."

"तुम्हाला वाटलं! तुम्हाला वाटल्यामुळं तिथं एक म्हातारी उपाशी बसलीय!"

"मला वाटलं, आन् तुम्ही इच्यारलं, बसंल का नीट. न्हाई म्हणला का तुम्ही?"

यावर मी आवाज वाढवला. मिस्तरीनं ते ऐकून घेतलं, पान्हे गोळा केले आणि दांड्या ओढायचं तीन पायांचं तिकाटणं, दोर सगळं घेऊन माझ्या गाडीत बसला. गाडी सुरेख चालली. एक थेंब गळला नाही. वैताग असा, की ती आयुष्यात पहिल्यांदा मोटारीसारखी वागत होती आणि मी तिचं पोट फाडायला चाललो होतो.

भर दुपारी त्यानं गाडीखालून वायसर काढलं. काळंकुट्ट, तेल पिऊन टम्म. त्याच्या जागी पुन्हा तो सुरवंट गेला. मी वायसर घेऊन मोरीत धावलो. आधी राख, मग सोडा, मग बायकोच्या डब्यातली शिकेकाई. चोळतोय, धुतोय, हुंगतोय.

बायको दारात येऊन उभी राहिली. "काय चाललंय हे?"

"हापशाचं वायसर आहे."

"ते आपल्या गाडीतून कसं निघालं?"

मी चोळत राहिलो. तिला एवढं पुरलं. वकिलाची मुलगी.

"तीन आठवडे झाले, मी डोक्यावरून पाणी घेतलेलं नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही चामड्याला न्हाऊ घालताय! तेही माझ्या शिकेकाईनं! अर्धी घागर संपवलीत!"

"तुझ्या वडलांनी गाडी दिली नसती..."

"माझ्या वडलांनी गाडी दिली. हापसा दिला नव्हता."

मिस्तरी बाहेरून ओरडला, "साब, किती धुताव? चामड्याला तेल पाजूनच बसवत्यात, लई चांगलं झालंय ते!"

मग त्यानं तिकाटणं उभं केलं आणि आम्ही दोघांनी हापशाच्या दांड्या एकामागून एक वर ओढल्या. त्या किती खोल होत्या म्हणून सांगू? मी कारकून माणूस, हाताला शाईखेरीज काही लागलेलं नाही. चौथ्या दांडीला तळहाताची साल गेली, सातव्या दांडीला मला वाटलं आता दुसऱ्या टोकाला अमेरिकेतला माणूस लटकलेला निघणार. शेवटी झिजलेलं वायसर वर आलं. पानासारखं पातळ. पलीकडचं ऊन दिसत होतं त्यातून. माझं तेल प्यालेलं वायसर त्याच्या जागी गेलं, दांड्या खाली गेल्या.

गल्ली जमली होती. अक्का त्यांच्या ओट्यावर येऊन बसल्या होत्या, भिंत धरून. मी दांडा मारायला सुरुवात केली. सहाव्या हापशाला पाणी. सहाव्या! बाया टाळ्या पिटायला लागल्या. पाणी भसाभस पडत होतं, आणि त्या पाण्यावर, हळूच, मोराच्या पिसासारखे रंग फिरत होते.

टाळ्या थांबल्या.

"अजून मारा," अक्का ओट्यावरून म्हणाल्या.

मी मारले. शंभर मारले. पहिलं पाणी बायांनी वाया जाऊ दिलं नाही, सारवणाला, भांड्यांना, म्हशींना नेलं. म्हणजे खऱ्या म्हशींना. दोनशे मारले. रंग फिके झाले. तीनशेला माझ्या डोळ्यासमोर रंग फिरायला लागले. मिस्तरी बाजूला उभा राहून, "चामडं बसायलंय, बसायलंय" असं सांगत होता, दांड्याला हात लावत नव्हता.

अक्का उठल्या. माझी बायको पुढं झाली, त्यांनी तिचा हात धरला आणि हळूहळू हापशापर्यंत आल्या. मला बाजूला केलं. स्वतः दांडा धरला, आठ-दहा वेळा मारला, तांब्या भरला. उजेडाकडं धरून बघितला. नाकाशी नेला. सगळी गल्ली श्वास धरून उभी, आणि मी तर श्वास घ्यायचा असतो हेच विसरलो होतो. अक्कांनी तो तांब्या ओतून दिला.

दुसरा भरला. हुंगला. ओतून दिला.

तिसरा भरला. बराच वेळ बघितला. मग तो घेऊन आत गेल्या आणि दार लोटलं.

मी हापशाच्या कट्ट्यावर बसकण मारली. तासाभरानं दार उघडलं. कपाळावर ओल्या विभूतीचे पट्टे. "सूनबाई," अक्कांनी हाक मारली, आणि रेणापूरचे बैल नक्कीच थांबले असणार, "चहा टाक गं. साखर जास्ती घाल."

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर मी त्यांच्याकडं गेलो. त्या ओट्यावर बसून भाकरी खात होत्या, कांदा आणि तिखटाबरोबर. बाहेर भिंतीशी गाडी उभी होती आणि तिच्या पुढच्या तोंडाखाली नवा ओला डाग पसरायला लागला होता. उतार कुठं आहे ते त्या डागाला बरोबर माहीत होतं. मी समोर बसलो. सकाळपासून पाठ केलेलं वाक्य विसरलो आणि सरळ सांगून टाकलं, की अक्का, हापशाचं वायसर मी गाडीत बसवलं होतं, रजिस्टरात खोटं लिहिलं, तुमचा उपास माझ्यामुळं झाला.

अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला. "म्हाईत हाय."

"माहीत आहे? कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? त्या रविवारी पूजा आटपून खिडकीत आले तवा मिस्तरी चामडं घेऊन गाडीखाली शिरायलाता. हापसा बसवला त्या दिवसापासून त्याचं चामडं किती डाव बदललं ते मला पाठ हाय. मला वळखू येत न्हाई व्हय?"

 खरं सांगतो, मला राग आला. दोन दिवस मी जिवाचं पाणी केलं होतं, तळहाताची सालं काढली होती.

"अक्का, मग त्याच दिवशी बोलला का नाहीत? एरवी एक थेंब पडला तरी अख्खी गल्ली गोळा करता! त्या दिवशी एक हाक मारली असती तर हापसा बंद पडला नसता, तुम्ही उपाशी राहिला नसता! गप्प का बसलात?"

अक्कांनी तुकडा तिखटात बुडवला, तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला, वर पाणी प्यायलं.

"आठ दिवस रांगोळी चांगली राहिली की," त्या म्हणाल्या.